सावित्रीबाई फुले आणि गुप्ततेचे वचन

सावित्रीबाई फुले हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मुलींच्या शाळेच्या शिक्षिका म्हणून गावोगावच्या शाळांतून त्यांचे चित्र लावलेले असते, आणि ३ जानेवारी रोजी मुले त्यांच्या नावाचा जयघोष करितात. परंतु त्यांच्या आयुष्याचा एक भाग असा आहे की तो चित्रात काढून दाखविता येत नाही, कारण तो लोकांच्या डोळ्यांआड राहावा म्हणूनच योजिलेला होता. ज्या स्त्रियांस आपले संकट जगात कोणालाही सांगण्याची सोय नव्हती, अशांकरिता त्यांनी व त्यांच्या पतींनी आपल्या घराचे दार उघडले, आणि आत आलेल्या बाईचा बोभाटा होणार नाही असे वचन दिले. ते वचन का द्यावे लागले, ते कसे पाळिले गेले, व त्यास काय मोल पडले, हे खेड्यातील मंडळींत काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी व बायबल-बायांनी समजून घेण्याजोगे आहे, म्हणून हे चरित्र दिले आहे. सावित्रीबाईंनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला नव्हता, हे वाचकांस सांगावयास नकोच. पण तेवढ्याने त्यांच्यापासून शिकावयाचे काही कमी होत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीरावही त्या वेळी तेरा वर्षांचेच होते. पुढे जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि आपण शिकले ते त्यांनी घरी पत्नीस शिकविले. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीरावांच्या मनाने उचल घेतली, व १८४८ साली त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढिली. तेथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत, म्हणून शाळेत नेसावयास त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत, ही हकीकत सर्वांच्या तोंडी आहे. ती येथे लांबवीत नाही.

१८४९ साली सासरे गोविंदराव यांनी लोकांच्या दडपणामुळे उभयतांस घराबाहेर काढिले. गोविंदराव काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मुलास शाळेत घालणारे तेच, आणि आई लहानपणी वारली असता त्यास वाढविणारेही तेच. पण जातभाई काय म्हणतील, चारचौघांत मान खाली घालावी लागेल, ह्या भयापुढे बापाची मायाही टिकली नाही. लोकापवादाचे भय माणसाकडून काय काय करविते, हे सावित्रीबाईंस असे आपल्याच उंबरठ्यावर कळले. पुढे त्यांनी जे काम हाती घेतले त्याचे मूळ, आमच्या समजुतीप्रमाणे, पुष्कळ अंशी ह्या अनुभवात आहे.

हे भय काय असते ते देऊळघाटासारख्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पैनगंगेच्या खोऱ्यातील हे जुने गाव बुलढाण्याहून थोड्याच कोसांवर आहे. अशा गावी सकाळच्या एस. टी.ने कोण उतरले, कोणाच्या दारी थांबले, आणि डोळे पुसत का परत गेले, हे दिवे लागण्याच्या आत आळीआळीत कळते. गावात माणसाच्या मदतीस धावून येणारी जी माणसे, तीच त्याची गोष्ट पाणवठ्यावर नेणारीही असतात. त्यांत नेहमीच वाईट हेतू असतो असे नाही. पुष्कळदा नुसती कणव असते. परंतु ज्याची गोष्ट गेली त्याच्या दृष्टीने हेतूचा फरक फारसा नाही.

आता ज्यांच्याकरिता सावित्रीबाईंनी घर उघडिले, त्या स्त्रियांची दशा पाहा. त्या काळी ब्राह्मण व इतर काही जातींत मुलींची लग्ने फार लहानपणी होत, आणि नवरा वारला तर मुलीस जन्मभर तसेच राहावे लागे. तिचे केशवपन होई, तीस एक वेळ जेवण, शुभकार्यात तिचा विटाळ, आणि घरात सर्वांचे काम तिच्याच डोक्यावर. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता खरा, पण कायद्याने जे मोकळे केले ते रूढीने बांधूनच ठेविले. अशा तरुण विधवेस घरातीलच किंवा शेजारचा कोणी पुरुष फसवी अथवा जबरी करी, आणि तीस दिवस जात. मग त्या पुरुषाचे नाव कोठेच निघत नसे. तिच्यापुढे तीनच वाटा राहत: औषधे खाऊन गर्भ पाडणे, विहीर जवळ करणे, किंवा मूल जन्मताच त्याचा गळा दाबणे. ह्या तिन्ही वाटांचे मूळ एकच, आणि ते म्हणजे लोकांस कळू नये.

१८६३ साली पुण्यात अशीच एक गोष्ट घडली. जोतीरावांचे जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. बाई चांगल्या कुळातील, शांत स्वभावाची. शेजारी राहणाऱ्या एका शास्त्रीबुवाने तीस नादी लाविले. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने नाना प्रकारची विषारी औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. नऊ महिने भरून मुलगा झाला. अब्रू जाईल ह्या भीतीने तिने त्या अर्भकास सुरीने मारिले व प्रेत घरामागील विहिरीत टाकिले. दोन दिवसांनी पोलिसांनी तीस धरिले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला, आणि तीस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांस काही झाल्याचे कोठे नमूद नाही.

ह्या बाईस खुनी म्हणून सोडून देणे सोपे होते, आणि पुण्याने तसेच केले. फुले दांपत्याने मात्र निराळा प्रश्न विचारिला. तीस काय पाहिजे होते? मूल मारणे तीस हवे होते असे कोणीच म्हणणार नाही. निजावयास एक खोली, एक सुईण, आणि गोष्ट षट्कर्णी होणार नाही असे सांगणारे एक माणूस, एवढे मिळाले असते तर मूल वाचले असते आणि आईही वाचली असती. म्हणून खटला संपताच त्यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारात, जुन्या गंजात, बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले. सरकारची मदत नाही, मोठी वर्गणी नाही; जोतीरावांच्या मिळकतीवर व सावित्रीबाईंच्या अंगमेहनतीवर ते चालले. येणाऱ्या बायांची बाळंतपणे काढणे, त्यांचे खाणेपिणे पाहणे, आणि मागे राहिलेली मुले सांभाळणे हे काम सावित्रीबाईंचे होते. त्यांस स्वतःस मूलबाळ नव्हते.

घर काढिल्यावर त्यांनी जे केले ते मोठे शहाणपणाचे होते. त्यांनी जाहिराती छापविल्या आणि ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटविल्या. विधवांनी येथे येऊन गुपचूप व सुरक्षित बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे ते त्यांच्या खुशीवर राहील, आणि ठेविलेल्या मुलांची काळजी येथे घेतली जाईल, असा त्यांचा आशय होता. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एका बाजूस सारे काही गुप्त ठेवण्याचे वचन, आणि दुसऱ्या बाजूस ते वचन भर रस्त्यावर, शिव्याशाप देणाऱ्यांच्याही डोळ्यांपुढे! पण ह्यात विरोध मुळीच नाही. घराचा पत्ता जितका उघडा, तितका येणाऱ्या बाईस तो दुसऱ्या कोणास विचारावा लागत नाही. आणि पत्ता विचारण्यातच निम्मे गुपित फुटते. दार सर्वांस ठाऊक असावे, आणि दारातून आत गेलेली बाई कोणास ठाऊक नसावी, अशी ती योजना होती. मूल ठेवावे की न्यावे हे बाईवर सोडिले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मदतीच्या मोबदल्यात तिच्याकडून कबुलीजबाब मागितला नाही, पश्चात्तापाची अट घातली नाही, आणि तिने पुढे काय करावे हे तीस बजाविले नाही. जेथे मदतीबरोबर अट येते तेथे भ्यालेले माणूस येत नाही. ते विहिरीकडेच जाते.

ह्या घरास किती यश आले? ह्याचे उत्तर कोणी गोड करून सांगू नये. जोतीरावांनी पुढे १८८४ साली स्वतः लिहून ठेविले की तोपर्यंत ३५ गरोदर विधवा ह्या घरी येऊन बाळंत झाल्या, आणि त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती. बाकीची गेली, आणि ह्याचे कारण, त्यांच्या मते, हे की आयांनी गर्भ लपविण्याकरिता घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांस पोटातच इजा झाली होती. म्हणजे बाया आल्या, पण उशिरा आल्या. आधी त्यांनी सर्व गुप्त उपाय एकट्याने करून पाहिले, आणि सर्व हरल्यावर मग त्या भिंतीवरील जाहिरातीवर भरवसा ठेवावयास धजल्या. नव्या घराच्या वचनावर पहिल्या दिवशी कोण विश्वास ठेवील? पाच मुले वाचली हे खरे, आणि पस्तीस आया विहिरीपासून व काळ्या पाण्यापासून वाचल्या हेही खरे. त्या हिशेबात आयांस धरावयास लोक विसरतात.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण ती भल्या माणसांच्याही मनात येते. पापावर पांघरूण घालणे हे पापास साह्य करणे नव्हे काय? काशीबाईची गोष्ट नीट पाहिली तर तीत दोन प्रकारची गुप्तता दिसते. एक त्या शास्त्रीबुवाची. त्याचे कृत्य झाकले राहिले, म्हणून तो मोकळा राहिला, आणि त्याच्या सुटकेची किंमत दुसऱ्याने भरिली. दुसरी गुप्तता काशीबाईस मिळावयास हवी होती, ती मिळाली नाही. पहिल्या गुप्ततेने बलवानाचे रक्षण होते, दुसरीने दुबळ्याचे. फुले दांपत्याने दुसरी दिली आणि पहिलीवर आयुष्यभर टीका केली. ह्या दोहोंचा घोळ करणारा मनुष्य एक तर सर्वच झाकील, नाही तर सर्वच उघडे करील. आणि दोन्ही वेळा मार खाणारे माणूस तेच राहील.

सावित्रीबाईंच्या अंगी ही वृत्ती किती मुरली होती ते १८६८ सालच्या त्यांच्या एका पत्रावरून दिसते. त्या वेळी त्या माहेरी नायगावी होत्या. तेथे पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीची एक मुलगी यांचे प्रेम जडले, व मुलीस दिवस गेले. गावास कळताच लोकांनी दोघांची धिंड काढिली आणि त्यांस ठार मारावयास निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या. त्यांनी लोकांस इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली व त्यांचे हात थांबविले. मग त्या दोघांस त्यांनी पत्र देऊन पुण्यास पतीकडे रवाना केले. त्या दोघांची नावे पत्रात आहेत, कारण ज्याने त्यांस ठेवून घ्यावयाचे त्यास ती कळणे जरूर होते. येथे ती लिहिण्याचे कारण नाही.

१८७४ साली पुण्याच्या त्या घरी एक ब्राह्मण विधवा आली. तीस मुलगा झाला, आणि तो मुलगा सावित्रीबाई व जोतीराव यांनी आपला म्हणून घेतला. त्याचे नाव यशवंत. पुढील काळच्या पुस्तकांतून त्याच्या आईचे नावही छापले गेले आहे. आम्ही ते येथे देत नाही. ज्या घरात तीस गुप्ततेचे वचन मिळाले त्या घराचे चरित्र लिहिताना ते वचन आपणच मोडावे, हे आम्हांस बरे दिसत नाही. मुलाची गोष्ट मात्र उलट होती. त्याचे आईबाप म्हणून फुले दांपत्याने जगापुढे उघड उभे राहिले पाहिजे होते, आणि ते राहिले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले, त्यात यशवंतास आपला वारस ठरविले.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व लादलेले वैधव्य ह्यांविषयी टिपणे काढिली, आणि सरकारने त्यांवर अभिप्राय मागविले. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपला अभिप्राय दिला. वर दिलेली काशीबाईची हकीकत व ३५ हा आकडा त्यातलाच आहे. हे लिहिताना त्यांच्यापुढे मोठा मोह असला पाहिजे. त्या पस्तीस बायांपैकी काहींची नावे, घराणी, फसविणाऱ्या पुरुषांचे हुद्दे दिले असते, तर सरकार दरबारी पुराव्यास केवढा जोर आला असता, आणि विरोधकांची तोंडे कशी बंद झाली असती! त्यांनी काशीबाईचे नाव लिहिले, कारण ते कोर्टात पुकारले जाऊन जगजाहीर झालेच होते. बाकीच्यांचा नुसता आकडा लिहिला. चांगल्या कामाच्या सिद्धीकरितासुद्धा दुसऱ्याचे गुपित वापरावयाचे नाही, ह्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

ह्याच सुमारास आमच्या बुलढाण्यातूनही ह्या विषयावर एक तीव्र आवाज उठला होता. ताराबाई शिंदे ह्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस असून सत्यशोधक समाजाचे होते. १८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस, अब्रूच्या भीतीने आपले मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून त्या निमित्ताने सर्व विधवांवर, किंबहुना सर्व स्त्रीजातीवर, तोंडसुख घेतले जाऊ लागले. तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक पुण्यात छापवून प्रसिद्ध केले, आणि दोष एकट्या बाईच्या माथी का, असा जाब विचारिला. पुस्तकावर पुष्कळ धुरळा उडाला. जोतीरावांनी १८८५ साली सत्सार ह्या आपल्या लहानशा पुस्तकात त्यांची बाजू घेतली. सुरतेच्या त्या बाईस पुण्यातील घर कोठून ठाऊक असणार? ज्या भिंतीवर जाहिरात नव्हती तेथे काशीबाईचीच गोष्ट पुन्हा घडली. १८७५ साली पंढरपुरासही असे एक घर निघाले होते. पण एवढ्या मोठ्या मुलखास दोन घरे म्हणजे किती!

विधवांवरील तो जुलूम आज त्या रूपात राहिलेला नाही. पण लाजेने माणूस विहिरीकडे जातो हे काही थांबलेले नाही. लाजेचे कारण तेवढे बदलले. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांस विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा एक होता. कर्जाची लाज, मुलीचे लग्न मोडल्याची लाज, परीक्षेत नापास झाल्याची लाज, दारूची लाज. अशा वेळी माणसास पैसा हवा असतोच, परंतु त्याच्याही आधी त्यास कोणाशी तरी मोकळे बोलावयाचे असते, आणि गावात बोलावे तर गाव कळते.

ह्याकरिता आज टेलिफोनवर ऐकून घेणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. ह्या कामाचा एक आरंभ लंडन शहरी चॅड वॅरा नावाच्या एका पाळकाने १९५३ साली केला. तरुणपणी त्यांनी चालविलेला पहिलाच अंत्यविधी एका कोवळ्या मुलीचा होता. तीस प्रथम विटाळ आला, तो काही घाणेरडा रोग आहे असे तीस वाटले, विचारावे कोणास हे कळेना, आणि तिने जीव दिला. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. आपल्या देशात भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली मानस ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा असून फोनला पैसे पडत नाहीत, आणि तेथे रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. हा क्रमांक म्हणजे फुल्यांची भिंतीवरील जाहिरातच होय. तो जितका उघड्यावर लागेल तितका बरा. शाळेत, सोसायटीच्या कचेरीत, पाणवठ्याजवळ, देवळाच्या पारावर व मंडळीच्या दारावर. फोन करणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या कानी जावयाचे नाही. अशा सेवांत बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, गाव दिसत नाही, आणि जे खेड्यात उजळ माथ्याने बोलता येत नाही ते अंधारात बोलता येते. एक अडचण मात्र आमच्या घरांतून नेहमी असते. घरात फोन एकच असला, तर कोठे फोन लाविला ते त्यात उमटून राहते, व मागाहून कोणी तरी ते पाहते. म्हणून एखाद्या भरवशाच्या माणसाने आपला फोन देऊन दूर जाऊन बसणे, ही लहानशी सेवाही थोडी नव्हे.

पूर्वी पुष्कळ जण पोलिसांच्या भीतीने गप्प राहत, कारण आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने असे माणूस भारी ताणाखाली होते असे धरून चालावयाचे ठरविले, व २०२४ साली अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने आजाऱ्याची गोष्ट गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य केले आहे. त्यास अपवाद आहेत. कोणाचा जीव जाण्याचा प्रसंग असेल, तर तो वाचविण्यापुरतेच, आणि तेवढेच, सांगण्याची मोकळीक आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारकच आहे. येथे पुन्हा तोच भेद लागू पडतो: ती गुप्तता मुलाची नसून अत्याचार करणाऱ्याची असते. म्हणून कोणास वचन देताना अमर्याद वचन देऊ नये. काय आपल्यापाशी राहील आणि काय राहू शकणार नाही, हे ऐकण्याच्या आधीच साध्या शब्दांत सांगितलेले बरे.

आमच्या उपदेशक बंधूंस येथे थोडे स्पष्ट लिहितो. खेड्यात गुपिते प्रथम तुमच्याकडेच येतात. रात्री दार वाजते आणि कोणी तरी रडत आत येते. तो मनुष्य निघून गेल्यावर ती गोष्ट आपल्या पत्नीस सांगण्याचा मोह होतो. रविवारी उपदेशात नाव न घेता दाखला म्हणून सांगण्याचा मोह होतो. आणि सर्वांत मोठा मोह प्रार्थनेच्या सभेत होतो. अमक्या बहिणीवर संकट आहे, तिच्याकरिता प्रार्थना करा, असे म्हटले की सभा संपण्यापूर्वी ते संकट कोणते ह्याचा सर्वांस छडा लागलेला असतो. नाव न घेतलेला दाखलाही चाळीस उंबऱ्यांच्या गावी नावासकट ओळखला जातो. देव तिचे नाव जाणतो. मंडळीने जाणलेच पाहिजे असे नाही. एकदा एका बाईचे गुपित फुटले की दुसऱ्या दहा जणी त्या दारी येत नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हे आपणांस कधीच कळत नाही.

आता पुन्हा सावित्रीबाईंच्या चरित्राकडे वळू. १८६८ साली त्यांच्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला झाला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नरच्या बाजूस ओतूर येथे गेल्या व उपाशी लोकांत राहून काम केले. यशवंत वाढत होता, शिकत होता, आणि डॉक्टर होण्याच्या मार्गास लागला. पण ज्या गोष्टीतून त्याच्या आईस वाचविले ती त्यास सर्वस्वी चुकली नाही. विधवेचा मुलगा म्हणून त्यास मुलगी देण्यास लोक कचरत. शेवटी हडपसरचे ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली, आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले. जोतीरावांस त्यापूर्वीच, १८८८ साली, अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात निकामी झाला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. प्रेतयात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावे ह्यावरून भाऊबंदांनी तंटा काढिला. दत्तक घेतलेल्या, आणि त्यातून अशा मुलाने ते धरणे त्यांस मान्य नव्हते. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या व त्यांनी स्वतः टिटवे धरिले. त्या काळी बाईने असे करणे कोणी पाहिले नव्हते. ज्या बाईने इतक्या जणींस लोकांच्या नजरेआड सांभाळिले, ती स्वतः साऱ्या पुण्याच्या नजरेसमोर पतीच्या प्रेतापुढे चालली.

पतीमागे त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम सांभाळिले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. लोक आजारी माणसास लपवू लागले, कारण कळले तर सोजीर घरात शिरून सामान बाहेर फेकीत व माणसास ओढून नेत. लपविलेला रोगी घरातच मरे आणि घरच्यांसही घेऊन जाई. यशवंत लष्करात डॉक्टर होता. त्यास सावित्रीबाईंनी बोलावून घेतले, व हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, गावापासून दूर, दवाखाना उघडिला. रोग्यांस त्या स्वतः तेथे पोहोचवीत. मुंढवे येथील महारवाड्यात एक मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच त्या गेल्या व त्यास पाठीवर घेऊन मळ्यात आणिले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंस लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचा अंत झाला.

यशवंत पुन्हा आपल्या नोकरीवर गेला. पुढे प्लेगच्याच रोग्यांची शुश्रूषा करीत असता १९०५ साली तोही वारला.